शौकीच्या नावाच्या रोट्या

२० जानेवारी

शौकी,

सलाम. कसा आहेस ते विचारत नाही. विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते, आणि ती सवय तू माझी सहा वर्षांत मोडलीस. माझा नंबर बंद केलास. नवा घेतला, तोही बंद केलास. शिवणकारखान्यातल्या मैत्रिणीच्या फोनवरून लावला, तर त्या बिचारीचाही. म्हणून हा कागद. शेजारचा हिलाल उद्या मिलानोला परत निघालाय, त्याच्या बॅगेत घालते आहे. तुम्ही दोघं एकाच भाजीबाजारात पेट्या उतरवता असं तो म्हणाला, तेव्हा मिळाला नाही असं सांगू नकोस.

आईबद्दल आहे. लगेच चुरगाळू नकोस. मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, त्या तीन वर्षांपुरतं तरी ऐक.

मागच्या आठवड्यात मशिदीच्या अंगणात सरकारी तपासणी लागली होती. रक्त, साखर, रक्तदाब, वजन, सगळं फुकट. आई जायला तयार नव्हती. "मला काय धाड भरलीये?" म्हणाली. मग हिलालची आई जाऊन आली, आणि तिला जे कळलं ते आपल्याला कळलेलं नाही हे काही आईला सहन होईना. गेली. काट्यावर उभी राहिली तर तिथली मुलगी म्हणाली, "खाला, टेबलाला धरू नका." आई म्हणाली, "नाही धरलं तर पडेन, मग काय टेबल तोलशील?" रांगेतले सगळे हसले. मुलीनं आकडा लिहिला, तो परत एकदा बघितला आणि आम्हाला थेट दवाखान्यात पाठवलं.

दवाखान्यात आता डॉक्टर नेविन म्हणून बाई आहे. तरुण आहे, पण चष्म्यावरून बघते तेव्हा भीती वाटते. तिनं आईचा डावा मोजा काढायला लावला. तळव्याला जखम आहे, शौकी. ईदपासून आहे. आईनं मलाही दाखवली नव्हती. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. साखर आणि वजन उतरलं नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग वर किती ते सांगता येत नाही. मग आईकडे वळून विचारलं, "रोट्या किती खाता दिवसाला?"

"पाच माझ्या," आई म्हणाली.

"पाच?" डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"पाच माझ्या. आणि पाच शौकीच्या."

"शौकी कोण?"

"मुलगा माझा."

"मग तो काय खातो?"

"तो इथे कुठे असतो? तो मिलानोत असतो."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. काय सांगणार होते? की आमच्या रेशनकार्डावर तीन नावं आहेत, त्यातलं एक समुद्रापलीकडे आहे, ते कुणी काढलं नाही, आणि बेकरीतलं मशीन रोज सकाळी माणशी पाच, अशा तिघांच्या रोट्या सोडतं?

तुला तो दिवस आठवत असेलच. रावियाशी लग्न केलं म्हणालास. घटस्फोट झालेली, पदरात मुलगी. आई म्हणाली, "ती या दारातून आत आली तर या घरातली तुझी रोटी संपली." आणि तू म्हणालास, "तुझ्याशी पुन्हा एक शब्द बोललो तर राविया माझ्यावर तलाक." आपल्याकडच्या पुरुषांकडे हे एकच हत्यार. टोमॅटोच्या भावावरून वाद झाला तरी बायकोला पणाला लावतात. तू निघून गेलास. पण तुला पुढचं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आई नेहमीच्या वेळी बेकरीच्या रांगेत उभी राहिली, तिन्ही नावांच्या रोट्या घेऊन आली, तुझ्या पाच वेगळ्या फडक्यात बांधल्या, आणि दुपारी त्या खायला बसली. तेव्हापासून रोज. शिळ्या उरल्या तर रश्श्यात कुस्करून खाते. तिला माफी मागता येत नाही, शौकी. कुणाचीच कधी मागितली नाही. ती खाते.

तू एकदा तिच्याशी बोल. तेवढ्यासाठी हे लिहिलं.

इन्शिराह


१२ फेब्रुवारी

शौकी,

हिलालच्या आईनं सांगितलं, कागद पोचला. तू वाचलास, घडी घातलीस, खिशात ठेवलास. बरं केलंस. आता उत्तर लिहायलाही हात लाव.

इथला हालहवाल ऐक. डॉक्टर म्हणाली, मुलाच्या रोट्या तरी बंद करा. आईला बंद कर म्हटलं असतं तर तिनं मलाच घराबाहेर काढलं असतं. मग मी डोकं चालवलं. तिला म्हटलं, "आई, शौकीच्या रोट्या घ्यायच्या नाहीत, सोडायच्या. सोडलेल्या वाया जात नाहीत. मशीनमध्ये पॉइंट जमतात."

"शौकीच्या नावावर?"

"त्याच्याच." तसं नसतं, कार्डावर जमतात, पण म्हटलं.

"म्हणजे त्याची बचत होते म्हण की." तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, जिंकले. दोन आठवडे तिनं तुझ्या रोट्या घेतल्या नाहीत. साखर जरा उतरली. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले.

महिना लागला तशी ती कार्ड घेऊन फिकरीचाचाच्या रेशन दुकानात गेली, पॉइंट वसूल करायला. मी मागोमाग धावले. म्हटलं, "चाचा, मसूर द्या."

"मसूर संपली."

"चवळी?"

"आलीच नाही."

"मग आहे काय?"

"साखर आहे. तेल आहे. मॅकरोनी आहे. हलव्याचे डबे आलेत, ताजे आहेत. काय बघतेस अशी? सरकारनं जे पाठवलं ते मी देतो, मी काय शेतात पिकवतो?"

आईनं सगळं घेतलं. तुझ्या बचतीचं आहे, एक कण सोडायचा नाही. घरी येऊन तिनं ताटभर रव्याचा बसबूसा केला, वर पाक ओतला, आणि तुला आवडायचे तसे चौकोन कापून प्रत्येकावर बदाम ठेवला. एवढा बसबूसा शेवटचा तुझ्या परीक्षेच्या निकालाला झाला होता. मला म्हणाली, "खा, भावाचा आहे." मी एक खाल्ला. बाकीचे तिनं संपवले. मग मॅकरोनी, पांढऱ्या सॉसची, तेलात तरंगणारी. मग चहा, आणि चहात तुझी साखर.

डॉक्टर नेविननं कागद बघून कपाळाला हात लावला. "रोट्या बंद केल्या होत्या ना?" मी म्हटलं, "केल्या होत्या. त्याचंच हे." तिला काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला लागले तर मलाच हसू यायला लागलं, मग रडू. घेतल्या तर रोट्या, नाही घेतल्या तर साखर. काकडी, टोमॅटो, कोबी यातलं काहीही कार्डावर मिळत नाही. ते मी पगारातून आणते, आणि आई त्याकडे बघते तशी माझ्या घटस्फोटाच्या कागदांकडेही बघितली नव्हती. "हे काय, बकरी आहे का मी?" म्हणते.

जखम तशीच आहे. तू बोल रे बाबा.

इन्शिराह


७ मार्च

शौकी,

तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली तुला आवडणार नाही.

तुझ्या रोट्या परत चालू झाल्या, तेव्हा मी गुपचूप त्यातल्या काही हिलालच्या आईच्या कोंबड्यांना घालायला लागले. फडक्यात तीन ठेवायचे, दोन भिंतीवरून पलीकडे. आईचे डोळे अधू झालेत, मला वाटलं कळणार नाही. आठवडाभर नाही कळलं. मग परवा हिलालच्या आईची लाल कोंबडी चोचीत तुकडा धरून आपल्या अंगणात पळत आली. मागून दुसऱ्या दोन. आई दारात बसली होती. ती उठली, एवढी जड बाई, दुखऱ्या पायानं कोंबडीमागे गेली, तुकडा सोडवला. फुंकर मारली, त्याचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला, आणि तोंडात टाकला. कोंबडीचा उष्टा. मग मला म्हणाली, "माझ्या लेकाचा घास कोंबड्यांना घालतेस?"

मी म्हटलं, "आई, तुझा पाय जाणार आहे."

"गेला तर गेला," ती म्हणाली. "त्याला तर या घरात आहे ना काहीतरी? ते एवढं एकच आहे."

तेव्हापासून मी भिंतीजवळ जात नाही. आता मी तिच्याबरोबर बसते आणि तुझ्यातल्या दोन मी खाते, म्हणजे तिला तीन उरतात. परिणाम असा की माझा निळा अंगरखा काखेत उसवला. कारखान्यात रोज शंभर जणींचे कपडे बेतते आणि स्वतःला बसत नाही. हस तू.

दुसरी गोष्ट. मी शेखसाहेबांना विचारून आले. नाव नाही सांगितलं, "एका माणसानं अशी शपथ घेतली" म्हटलं. ते म्हणाले, रागाच्या भरात, अडवण्यासाठी घेतलेली शपथ असेल आणि बायकोला सोडायचं मनात नसेल, तर तलाक पडत नाही. दहा गरिबांना जेवू घालायचं, शपथ सुटते. मी हसले, तर त्यांनी विचारलं, का हसलीस. म्हटलं, "दहा गरीब शोधायला लांब जावं लागणार नाही." तुझ्या वतीनं शुक्रवारी भात-मसुराची कोशरी केली. गल्लीतल्याच दहा जणांना घातली. सगळ्यांनी परत मागून खाल्ली. तुझी शपथ सुटली, शौकी.

आणि तुझ्या तिकडच्या शेखचं म्हणणं वेगळं असेल, तर दुसरी वाट काढ. तू शपथ घेतलीस ती आईशी न बोलण्याची. माझ्याशी न बोलण्याची नाही. मला फोन कर. माझ्याशी बोल. मी फोन तिच्या कानाजवळ धरते. तू म्हण, "इन्शिराह, मी इथे पोटभर जेवतो, माझ्या वाटचं कुणी खाऊ नका." एवढंच. रावियाला काही होणार नाही.

तिसरी गोष्ट. कचेरीत जाऊन मला तुझं नाव कार्डावरून काढता येतं. जो देशात नाही त्याचं असायला नकोच, नियम तसाच आहे. सगळे ठेवतात, म्हणून आपलंही राहिलं. पण मी ते तुझ्या परवानगीशिवाय करणार नाही. आईच्या पाठीमागे तर नाहीच. तू हो म्हटलंस आणि तिला तसं स्वतः सांगितलंस, तरच. सांगशील?

इन्शिराह


४ एप्रिल

शौकी,

हे पान मी टपालानं किंवा हाती पाठवत नाही, फोटो काढून हिलालच्या फोनवर पाठवते आहे. त्याला सांगितलंय, तू समोर बसून वाचेपर्यंत हलायचं नाही.

नाव गेलं. मी काढलं नाही, वल्लाही मी काढलं नाही. सरकारनं सगळ्यांची कार्डं साफ करायला घेतली आहेत. बाहेरदेशी गेलेले, मेलेले, गाडीवाले, सगळी नावं उडवताहेत. आपल्या गल्लीतली बरीच गेली. आपल्याकडचं तुझं गेलं.

मी कारखान्यात होते. हिलालची आई रांगेत आईच्या मागे होती, तिनं सांगितलं ते लिहिते. बेकरीच्या खिडकीत सआद असतो, मशीनवाला. त्यानं कार्ड घातलं, चिठ्ठी फाडली आणि दहा रोट्या पुढे सरकवल्या. आई म्हणाली, "सआद, बाळा, मोजायला चुकलास."

"नाही खाला, दहाच आल्या. एक नाव कमी झालंय."

"कुणाचं?"

त्यानं बघितलं. "शौकी."

"का?"

मागे तीसेक माणसं उभी. भट्टीतून रोट्या येताहेत, लोक ओरडताहेत. सआद म्हणाला, "मला काय माहीत खाला? मशीन कारण सांगत नाही. मेला असेल नाहीतर परदेशी असेल, अशांची काढताहेत. कचेरीत विचारा. पुढचा या."

आई खिडकीपाशीच उभी राहिली. हिलालची आई म्हणाली, "अगं शौकीच्या आई, परदेशी आहे म्हणून काढलं. चल."

आणि आईनं काय उत्तर दिलं, ऐक. म्हणाली, "परदेशी तर तो सहा वर्षं आहे. सहा वर्षं नाव होतं. मग आजच का गेलं?"

मी घरी आल्यावर तिनं मलाही हेच विचारलं. मी यादी साफ करण्याचं सांगितलं, नियम सांगितला, शेजारच्या गल्लीतल्या दोघांची नावं सांगितली, ते कुवेतला आहेत आणि धडधाकट आहेत. ती मान हलवत राहिली. "सरकारला आधी कळतं," म्हणाली. "वकिलातीकडून त्यांना आधी कळतं. मग ते नाव काढतात. मग घरच्यांना सांगतात."

मी तिथल्या तिथे हिलालला फोन लावला. त्यानं घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं, "खाला, शौकी माझ्यापासून दहा पावलांवर आहे, वांग्याच्या पेट्या उचलतोय." आईनं शांतपणे ऐकलं, "अल्ला तुला सुखी ठेवो, बेटा," म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

"हिलाल चांगल्या घरचा आहे," ती म्हणाली. "अशी बातमी तो फोनवर नाही सांगणार. तुझा चुलता लिबियात वारला तेव्हाही चाळीस दिवस 'बरा आहे, बरा आहे' येत होतं. मग पेटी आली."

शौकी, ती काळे कपडे घालून बसली आहे. आत्ता फोन कर. आता शपथेचं बघत बसू नकोस. तुझा आवाज लागेल, दुसरं काही चालणार नाही.

इन्शिराह


८ एप्रिल

आई जेवत नाही.

बायका येताहेत. समजावायला आल्या होत्या, पण आईसमोर चटईवर बसल्या की त्याही रडायला लागतात. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, सगळ्यांचं काहीतरी आहे रडायला. ताटं घेऊन येतात. भात, भरलेले कोंबडे, रश्शातली रोटी. कुणी मेलेलं नसताना घर भरून मयताचं जेवण आलंय. आई बोटही लावत नाही. बिनसाखरेची कॉफी घोटभर घेते.

मला वाटलं, चला, निदान वजन तरी उतरेल. खरंच वाटलं. अल्ला मला माफ करो.

पण डॉक्टरनं मागच्या महिन्यात लावलेलं इन्सुलिन चालू होतं. मी सकाळी सुई दिली आणि कारखान्यात गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं की जेवण नसेल तर सुई द्यायची नाही. डॉक्टरनं सांगितलं असेल, पण तेव्हा ती न जेवणारी बाईच नव्हती, म्हणून माझ्या कानावरून गेलं असेल. हिलालच्या आईला ती चटईवर आडवी सापडली. घामानं भिजलेली, डोळे उघडे, कुणाला ओळखत नाही. रिक्षातून नेली. तिला उचलायला चार माणसं लागली, आणि त्यातल्या एकानं जो विनोद केला तो मी इथे लिहीत नाही.

डॉक्टर नेविन तिच्या उशाशी उभी राहून म्हणत होती, "खा, खाला, थोडं खा. रोटी खा." तीच बाई, शौकी. जानेवारीपासून हिचा घास काढायला बसलेली. आईनं तोंड फिरवलं.

फोन कर. हिलाल म्हणतो, तू फोन हातात घेऊन बसतोस, नंबर काढतोस, मग 'नंतर' म्हणतोस. नंतर म्हणजे कधी?


१६ एप्रिल

शौकी,

आवाज मागितला तर फोटो पाठवलास. ठीक आहे. मी तोही घेतला, बाजारातल्या दुकानातून मोठा करून आणला, कारण फोनवर तिला दिसत नाही.

तू किती वाळला आहेस रे. मला आधी ओळखूच आला नाहीस. गाल कुठे गेले? गळ्याची हाडं दिसताहेत. हिलाल म्हणाला, सगळे तिकडे असेच होतात, पहाटे दोनला बाजार सुरू होतो, जेवायला उभ्याउभ्यानं काहीतरी. मी फोटो उलटा धरूनच आईकडे नेला.

तिनं खिडकीपाशी धरून पुष्कळ वेळ बघितला. मला आशा वाटली. मग तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

"कुणाचा मुलगा आहे हा?"

"आई, शौकी आहे."

"माझा शौकी दारातून आत यायचा तर दार भरायचं," ती म्हणाली. "याच्या आईनं याला कधी जेवू घातलंय असं दिसत नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "इन्शिराह, तुम्ही सगळे माझ्यासाठी करताय, कळतंय मला. पण दुसऱ्याचं लेकरू दाखवून कुणाची समजूत निघत नाही."

म्हणून मी कारखान्यातून सुट्टी घेऊन कचेरीत गेले. म्हटलं, नावच परत घालून आणते. अर्धा दिवस उभी राहिल्यावर खिडकीतला माणूस म्हणाला, "नाव परत घालायचं तर माणूस हजर हवा. ओळखपत्र घेऊन इथे उभा राहायला हवा."

"तो मिलानोत आहे."

"मग तो इथली रोटी कशी खाणार?"

"तो खात नाही. आमची आई खाते."

"मग आईच्या पाच आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच विचारलं. मागे लोक ढकलत होते. "बाई," तो म्हणाला, "दहा रोट्या खाते म्हणजे वजन किती आहे आईचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सरकारनं तिच्यावर उपकार केलेत."

सुई आता मी जेवणाचं बघून देते, म्हणजे जवळजवळ देतच नाही. साखर कधी खाली, कधी छतापर्यंत. बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणते, अंगात ताकद नसेल तर भूल देता येणार नाही, आणि बोट लवकर काढलं नाही तर पाय काढावा लागेल. म्हणजे खाल्लं तर पाय जातो आणि नाही खाल्लं तर आई जाते. मी कुणाकडे जाऊ, शौकी?

इन्शिराह


३ मे

शौकी,

तू विचारलं नाहीस, पण हिलालनं विचारलं, आणि तो कुणासाठी विचारत होता ते मला कळतं. आई जेवायला लागली.

कचेरीतून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी स्वतः बेकरीत गेले. तिच्या पाच, माझ्या पाच घेतल्या. घरी आणून तिच्यापुढे फडकं पसरलं आणि दोन वेगळ्या चळती लावल्या.

"हे काय?"

"या तुझ्या. या शौकीच्या." माझा आवाज स्थिर होता, मलाच नवल वाटलं. "नाव परत आलं. मशीनची चूक होती. कचेरीतल्या माणसानं कबूल केलं."

"आणि तुझ्या कुठे आहेत?"

"मी सोडल्या. पॉइंट जमवते."

तिनं तुझ्या चळतीवर हात ठेवला. एकेक उचलून मोजल्या, एक नाकाशी धरली. "गरम आहेत," म्हणाली. मग, शौकी, तिनं रोटी मोडली. मी मीठ आणि जुनं चीज आणलं, तिनं ते बाजूला सारलं आणि नुसती खाल्ली. तुझ्या पाचही खाल्ल्या, आधी तुझ्या. हिलालवर तिचा विश्वास बसला नव्हता, तुझ्या फोटोवर बसला नव्हता. मला म्हणाली, "माणसं मन राखायला खोटं बोलतात. मशीन कशाला बोलेल?" काळे कपडे काढून फुलांचा अंगरखा घातला आणि हिलालच्या आईला भिंतीवरून हाक मारून सांगितलं, "अगं, चूक होती त्यांची." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. बेकरीत मीच जाते, तिला आता पायामुळे तेवढं चालवत नाही, ते एक बरं. साखर वर आहे. वजन जानेवारीत होतं तिथे परत आलंय, किंचित पुढेच. डॉक्टर नेविननं काल विचारलं, "हिला एवढ्या रोट्या देतंय कोण?"

"मी."

"तुम्ही? तुम्हाला सगळं सांगितलंय मी."

"हो."

"मग का?"

मी आईच्या पायात मोजा चढवायला लागले. तिला वाटलं असेल, अडाणी बाई आहे. वाटू दे. भूल द्यायला हरकत नाही म्हणाली, एवढं काम रोट्यांनी केलं. येत्या मंगळवारी बोट काढणार आहेत. रमजान लागलेला असेल, आई म्हणते रोजे धरणारच, त्याचं भांडण अजून व्हायचंय. पुढे पायाचं काय ते डॉक्टर सांगत नाही, आणि मी विचारलं नाही. मला माहीत आहे मी तिला काय घालते आहे. रोज सकाळी रांगेत उभी असते तेव्हाही माहीत असतं.

तू फोन करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण एक सांगून ठेवते. परवा मी तिला म्हटलं, "आई, शौकीचा एखादे दिवशी फोन येईल बघ." ती रोटीवरचा कोंडा झटकत होती. म्हणाली, "नाही आला तरी चालेल. नाव आहे, म्हणजे आहे तो." तिला आता तुझी गरज राहिलेली नाही, शौकी. तिचं भागतं.

आज संध्याकाळी ती जेवत होती, मी समोर बसून तिचा पाय पुसत होते. तिनं हातातली रोटी अर्धी मोडली आणि माझ्या तोंडापुढे धरली. "वाळत चाललीस," म्हणाली. "घे. शौकीची आहे, तो काही म्हणणार नाही."

मी सकाळपासून काकडीवर होते. मला फार भूक लागली होती. मी घेतली.

तुझी बहीण,
इन्शिराह